क्षेपणास्त्राला जहाज दिसतं कसं? (कराची, फॉकलंड, मोस्क्वा आणि थोडं नगर)

दर्यावर्दी_दादर

गणपतीत भाचा आला होता. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे त्याला सगळंच माहीत असतं. म्हणाला, "मामा, ब्रह्मोस मॅक २.८ ने जातं, म्हणजे विषयच संपला ना? कोण अडवणार?" (मॅक १ म्हणजे आवाजाचा वेग.) मोदक संपेपर्यंत त्याला जे काही सांगितलं ते फारच तुटक झालं, म्हणून इथे नीट लिहून काढतोय. मी नौदलात नव्हतो, नोकरीचाही या विषयाशी संबंध नाही. वीसेक वर्षांचा वाचायचा नाद, एवढंच भांडवल. चुकलं तर कान पकडा.

वेगाबद्दल सगळेच बोलतात. मला त्याच्या आधीचा प्रश्न छळतो. शंभर किलोमीटरवर, पाण्यात सतत हलत असलेलं जहाज कुठे आहे हे डागणाऱ्याला कळतं कसं? आणि आपल्यावर काही येतंय हे त्या जहाजाला कळतं कधी?

अलिबागच्या वाळूत उभं राहून पाहिलंत तर पाण्याची कड जेमतेम साडेचार-पावणेपाच किलोमीटरवर असते. लांबून येणाऱ्या गलबताचं आधी शीड दिसतं, मग खालचा भाग. रडारचंही तसंच, फक्त त्याच्या लहरी किंचित वाकतात म्हणून थोडं पुढचं दिसतं. हिशोब सोपा आहे. रडारच्या उंचीचं वर्गमूळ आणि समोरच्या वस्तूच्या उंचीचं वर्गमूळ (दोन्ही मीटरमध्ये) यांची बेरीज करा, ४.१२ ने गुणा, अंतर किलोमीटरमध्ये मिळतं.

आता जहाजाचं रडार २५ मीटर उंचीवर आणि क्षेपणास्त्र पाण्यापासून ४ मीटरवर धरा. पाच अधिक दोन सात, गुणिले ४.१२ म्हणजे सुमारे २९ किलोमीटर. रडार कितीही महागडं घ्या, त्यापलीकडचं पाण्यालगतचं त्याला दिसत नाही, कारण मध्ये समुद्रच आडवा येतो. आवाजाच्या वेगापेक्षा जरा कमी वेगाने येणारं क्षेपणास्त्र हे अंतर साधारण ९५ सेकंदांत कापतं. ओळखणं, ठरवणं, डागणं, सगळं एवढ्यात. लाटांवरून उडणाऱ्या क्षेपणास्त्रांचं सगळं गणित या गोलाईवर उभं आहे.

२१ ऑक्टोबर १९६७ ला पोर्ट सैदच्या बंदरातल्या इजिप्तच्या छोट्या कोमार नौकांनी इस्रायलची 'एलात' ही विनाशिका बुडवली, ४७ माणसं गेली. एलात म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश जहाज. बुडवणारं क्षेपणास्त्र सोव्हिएत पी-१५, नाटोच्या भाषेत स्टिक्स. जगभरच्या नौदलांना त्या दिवशी घाम फुटला. पल्ला ४० किलोमीटर, टोकाला ४५४ किलोचा स्फोटक भाग आणि नाकात स्वतःचं छोटं रडार. या नाकातल्या रडारला सीकर म्हणतात. डागणाऱ्याने दिशा आणि अंतर भरून दिलं की पुढे जवळ पोचल्यावर सीकर उघडतो आणि समोर जे ठळक दिसेल त्यावर जातो.

हेच स्टिक्स चार वर्षांनी आपण कराचीला नेलं. सोव्हिएत संघाकडून घेतलेल्या आठ नौका मुळात किनारा राखण्यासाठी बनवलेल्या, पल्ला तोकडा. त्या जहाजाने कलकत्त्याला आल्या आणि तिथून ओढत मुंबईला आणाव्या लागल्या. ओढून आणता येतात, तर ओढून शत्रूच्या दारातही नेता येतील! ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या तीन नौका, सोबत किलतान आणि कच्छाल. कमांडर बब्रू भान यादव यांच्याकडे नेतृत्व. निर्घातने पीएनएस खैबर या विनाशिकेवर दोन क्षेपणास्त्रं सोडली. पहिलं लागल्यावर खैबरने जो संदेश पाठवला त्यात लिहिलं होतं की शत्रूच्या विमानाने हल्ला केला. आकाशातून झगमगता प्रकाश येताना दिसला, तो त्यांना विमान वाटला. आपण कशामुळे बुडतोय हे त्या जहाजाला शेवटपर्यंत कळलं नाही. संदेशातलं स्वतःचं ठिकाणही चुकलेलं होतं, त्यामुळे वाचलेले लोक शोधणाऱ्यांना उशिरा सापडले.

त्याच रात्री सुरुंगनाशक मुहाफिज आणि व्हीनस चॅलेंजर हे मालवाहू जहाज बुडालं. आपल्या बाजूला एकही माणूस गेला नाही. नौदल दिन ४ डिसेंबरला असतो तो यामुळे.

नौका एवढ्याशा, पण त्यांचं रँगाऊट रडार ताकदीचं होतं. समोरच्याने पाहायच्या आत यांनी पाहिलं. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे. फॉकलंडचं प्रतिसादात लिहितो, इथे फार लांबलं.

तिरकस

छान लेख. पण भाच्याच्या बाजूने वकिली करतो. तुमच्याच सूत्रात ब्रह्मोस घाला. दहा मीटर उंची, २५ मीटरचं रडार, ३३-३४ किलोमीटर. मॅक २.८ म्हणजे समुद्रसपाटीला सेकंदाला साडेनऊशे मीटर. हातात ३५ सेकंद. ९५ कुठे आणि ३५ कुठे! मग वेग दुय्यम कसा?

पिंपळपान

वाचनखूण साठवली. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

(काका, तुमच्या भाच्याला एक मोदक जास्त द्या, त्याच्यामुळे धागा आला.)

कुलाबाकर

१९७१ साली मी अकरा वर्षांचा. आम्ही कुलाब्यात राहायचो. खिडक्यांच्या काचांना काळे कागद, मोटारींच्या दिव्यांवर वरच्या अर्ध्या भागाला काळा रंग, आणि भोंगा वाजला की आई स्टोव्ह बंद करायची. रेडिओवर कराचीची बातमी आली तेव्हा चाळीत पेढे वाटले. 'क्षेपणास्त्र' हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला असावा. वडील 'अग्निबाण' म्हणायचे.

दर्यावर्दी, एक भर घालतो. ८ डिसेंबरच्या रात्री दुसरी फेरी झाली, ऑपरेशन पायथॉन. एकटी विनाश नौका, सोबत तलवार आणि त्रिशूल. चार क्षेपणास्त्रं. केमारीच्या तेलाच्या टाक्या पेटल्या, गल्फ स्टार बुडालं, पीएनएस ढाक्का जखमी झालं. (टाक्या आधी हवाई दलाच्या हंटर विमानांनीही पेटवल्या होत्या. श्रेय कोणाचं यावर दोन्ही दलांची निवृत्त मंडळी आजही हमरीतुमरीवर येतात. त्यात पडू नका.) नौदलप्रमुख ॲडमिरल नंदांचं बालपण कराचीच्या मनोऱ्यावर गेलेलं, म्हणजे मनोरा बेटावर. बंदर त्यांना अंगणासारखं ठाऊक.

पण कराचीची गोष्ट सांगणारे पुढची रात्र गाळतात. ९ डिसेंबरला दीवजवळ आपली खुकरी ही युद्धनौका बुडाली. पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीचा टॉर्पेडो. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजासोबतच गेले. तिथेही तुमचाच नियम लागू, फक्त बघणारा उलट्या बाजूला होता. पाण्याखालच्याने आधी ऐकलं.

दर्यावर्दी_दादर

काका, खुकरी लिहायला हवी होती, राहून गेली. धन्यवाद.

तिरकसराव, तुमच्या प्रश्नाकडे येतो, आधी फॉकलंड, कारण उत्तर तिथूनच जातं.

४ मे १९८२. फॉकलंड बेटांवरून ब्रिटन आणि अर्जेंटिना यांचं युद्ध चालू होतं. अर्जेंटिनाकडे विमानातून डागायची एक्झोसे क्षेपणास्त्रं होती फक्त पाच. फ्रेंच बनावट, डोकं १६५ किलोचं, म्हणजे स्टिक्सच्या निम्म्याहून कमी. जुन्या नेपच्यून टेहळणी विमानाने ब्रिटिश जहाजं हेरली. दोन सुपर एतांदार विमानं रिओ ग्रांदेहून निघाली, वाटेत हवेतच इंधन घेतलं आणि पाण्याला चिकटून आली. अधूनमधून जरा वर उठायचं, रडार क्षणभर चालू करायचं, पुन्हा खाली डुबकी. रडार चालू ठेवलं तर समोरच्याला तुमचा पत्ता लागतो, बंद ठेवलं तर तुम्हीच आंधळे. आंधळी कोशिंबीर खेळताना पट्टी किंचित वर करून पाहणाऱ्या पोरासारखं.

एचएमएस शेफील्ड ही त्या वेळची नवी विनाशिका. तिच्यावर शत्रूच्या रडारची चाहूल घेणारं यंत्र होतं. पण त्या वेळी जहाज उपग्रहावरून मुख्यालयाशी बोलत होतं आणि त्या प्रक्षेपणामुळे हे यंत्र बधिर झालेलं. पुलावरच्या (म्हणजे ब्रिजवरच्या, जिथून जहाज चालवतात) लोकांना धुराची रेघ दिसली तेव्हा हातात काही सेकंदच होते. वीस माणसं गेली आणि जहाज त्याच दिवशी बुडालं.

आता बघा, एक्झोसेचा वेग मॅक ०.९. आजच्या मानाने सामान्य. लागलं ते वेगामुळे नाही, शेफील्डला ते दिसलंच नाही म्हणून. तुमचे ३५ सेकंद पाहणाऱ्याला मिळतात हो, न पाहणाऱ्याला शून्य.

आकडेबहाद्दर

एक दुरुस्ती. शेफील्ड त्या दिवशी बुडाली नाही. आग लागली, सोडून दिली, मग ओढून नेत असताना १० मे रोजी बुडाली.

स्फोटक फुटलं की नुसत्या इंधनाने आग लागली यावर बरीच वर्षं वाद होता. सुरुवातीच्या चौकशीत न फुटल्याचं म्हटलं होतं, नंतर ब्रिटिश संरक्षण खात्याने नव्याने तपासून ते फुटलंच असावं असा निष्कर्ष काढला.

दर्यावर्दी_दादर

बरोबर, १० मे. कान पकडले. (वर संपादन करत नाही, नाहीतर तुमचा प्रतिसाद अधांतरी राहील.)

सोनटक्का

मला एक बाळबोध प्रश्न. सीकर 'समोर जे ठळक दिसेल त्यावर' जातो असं लिहिलंय. मग समुद्रात दहा जहाजं असतील तर? आपलंच असेल तर? भलतंच असेल तर?

दर्यावर्दी_दादर

सोनटक्काताई, बाळबोध अजिबात नाही. याच प्रश्नापायी एक जहाज गेलं.

२५ मे १९८२. पुन्हा दोन सुपर एतांदार, दोन एक्झोसे. या वेळी ब्रिटिश युद्धनौकांनी वेळेत चॅफ उडवलं. चॅफ म्हणजे ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या बारीक तंतूंचा ढग. रडारला तो मोठ्या जहाजासारखा दिसतो आणि सीकर फसतो. फसला, ढगातून आरपार गेला आणि पलीकडे त्याला दिसलं अटलांटिक कन्व्हेयर. ते होतं मालवाहू जहाज, त्याच्याकडे ना चॅफ, ना तोफा. बारा माणसं गेली आणि सैन्यासाठी नेलेल्या चारपैकी तीन चिनूक हेलिकॉप्टरही. त्यामुळे ब्रिटिश सैनिकांना बेट पायी तुडवावं लागलं. युद्धनौका वाचली ती शेजाऱ्याच्या जिवावर.

आजचे सीकर बरेच शहाणे आहेत. काही जहाजाची उष्णतेतली आकृती ओळखतात, काहींना मधल्या वाटेत नवी माहिती पाठवता येते. पण फसवणारेही शहाणे झालेत.

पाषाणरोड

माझी नोकरी पुण्यात स्फोटकं आणि प्रणोदकांच्या क्षेत्रात गेली, त्यामुळे मला रडारपेक्षा शेपटातलं जास्त कळतं. जाहीर आहे तेवढंच लिहितो.

स्टिक्सचं इंधन द्रव. एका टाकीत अमाइन वर्गातलं इंधन, दुसरीत नायट्रिक आम्लावर आधारलेलं ऑक्सिकारक (जळायला ऑक्सिजन पुरवणारं द्रव्य). दोन्ही एकत्र आले की ठिणगीशिवाय पेटतात. तंत्र म्हणून सुंदर, हाताळायला महाभयंकर. अंगावर पूर्ण रबरी पोशाख, तोंडाला मुखवटा, आणि आपलं मे महिन्याचं ऊन. गळती झाली तर त्वचा जाते, वाफ श्वासात गेली तर फुप्फुस. इंधन भरलेलं क्षेपणास्त्र फार दिवस तसं ठेवताही येत नाही. एकाहत्तरच्या नौसैनिकांचं शौर्य म्हणताना समुद्रातलं सगळ्यांना आठवतं, धक्क्यावर इंधन भरणारे कोणाला आठवत नाहीत.

एक्झोसे घन इंधनावर. खोक्यातून काढा, लावा, वर्षानुवर्षं तयार. घन इंधन रबरासारख्या लगद्याच्या रूपात आवरणात ओतून जमवतात. त्यात केसाएवढी भेग राहिली तरी जळणारा पृष्ठभाग वाढतो, दाब वाढतो आणि आवरण फुटतं. म्हणून प्रत्येक मोटर क्ष-किरणांखाली तपासतात. आमच्या सुतारवाडीतल्या प्रयोगशाळेचं (एचईएमआरएल) मुख्य काम म्हणजे असली इंधनं आणि स्फोटकं.

ब्रह्मोसमध्ये दोन्हीचा मेळ आहे. आधी घन इंधनाचा बूस्टर वेग देतो आणि गळून पडतो, मग द्रव इंधनाचं रॅमजेट पेटतं. रॅमजेट ऑक्सिकारक बरोबर घेत नाही, समोरची हवाच वापरतं, म्हणून तेवढ्याच वजनात लांब जातं. पण ते थांबल्या जागेवरून सुरू होऊ शकत नाही, आधी कोणीतरी ढकलावं लागतं. जुन्या राजदूत फटफटीसारखं, पण राजदूतला मॅक दीड-दोनने कोणी ढकलत नाही.

आणि चॅफ निघालंच आहे तर, २०२१ साली हवाई दलासाठीचं चॅफ जोधपूरच्या प्रयोगशाळेने आमच्या पुण्याच्या सोबतीने केलं. किलोभर तारांचा ढग कोट्यवधींचं विमान वाचवतो. मला आयुष्यात यापेक्षा किफायतशीर काही दिसलेलं नाही.

तिरकस

'दिसलं की वाचलं' हे मला अजून पटत नाही. ९ मार्च २०२२ आठवा. आपल्याकडून चुकून एक ब्रह्मोस सुटलं आणि पाकिस्तानात मियां चन्नूला जाऊन पडलं. सुदैवाने कोणी मेलं नाही. नंतर हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं. पाकिस्तानचं म्हणणं होतं की सिरसाकडून निघाल्यापासून आम्ही ते पाहत होतो, ४० हजार फुटांवर होतं. म्हणजे ना गोलाई आडवी, ना लाटा. दिसलं, मोजलं, आणि तरीही पडायचं तिथे पडलं. आता बोला.

दर्यावर्दी_दादर

हा तगडा आहे. एवढंच म्हणेन की तो शांततेचा काळ होता. बटणावर बोट ठेवून कोणी बसलेलं नव्हतं, आणि न ओळखलेल्या वस्तूवर डागायचं की नाही हा निर्णय तीन-चार मिनिटांत घेणं सोपं नाही. पण मान्य, 'दिसणं' पुरेसं नाही. बघणं, ओळखणं, ठरवणं, मारणं अशी साखळी आहे आणि वेग त्या साखळीतल्या प्रत्येक कडीतून सेकंद कापून घेतो. माझं पहिलं वाक्य जरा जास्तच ठाम होतं.

मात्र उलट बाजूही बघा. ब्रह्मोसचा पल्ला सुरुवातीला २९० किलोमीटर ठेवला होता तो आंतरराष्ट्रीय निर्बंधांमुळे. २०१६ ला आपण एमटीसीआरचे (हे निर्बंध पाळणाऱ्या देशांच्या गटाचे) सदस्य झालो, मग पल्ला वाढवला. पण जहाजाचं स्वतःचं रडार तर पाण्यावर तीस-चाळीस किलोमीटरच पाहतं. मग ३०० किलोमीटरवरचं लक्ष्य दाखवणार कोण? विमान. ९ हजार मीटरवरच्या विमानाला सूत्राने ४०० किलोमीटरवरचं जहाज दिसू शकतं. म्हणून लांब पल्ल्याचं क्षेपणास्त्र घेतलं की टेहळणी विमानं, उपग्रह, सगळंच घ्यावं लागतं. लग्नात घोडा आणला की घोडेवाला, बँडवाला, पेट्रोमॅक्सवाला ओघाने येतात तसं.

चीफमेट

उशिरा आलो, जहाजावर नेट धड नव्हतं.

अटलांटिक कन्व्हेयरचं वाचून गप्प बसवेना, कारण आम्ही सगळे अटलांटिक कन्व्हेयरच आहोत. मी तांबड्या समुद्रातून २०२४ च्या सुरुवातीला एकदा गेलोय. तुम्ही वर म्हणता डागणाऱ्याला जहाज सापडणं अवघड. व्यापारी जहाजाचं तसं नसतं. आमच्याकडे एआयएस असतं. नाव, जागा, दिशा, वेग, सगळं आम्हीच दर काही सेकंदांनी जगाला सांगत असतो, टक्कर होऊ नये म्हणून. येमेनच्या हुथी बंडखोरांचा मारा सुरू झाल्यावर काही कंपन्या एआयएस बंद करायला सांगायच्या, काही चालू ठेवून नावाच्या जागी 'जहाजावर अमुक देशाचे लोक' असं भरायला सांगायच्या. कॅप्टनने ठरवायचं. आमच्या कॅप्टनने बंद केलं. रात्रभर पुलावर कोणी बोलत नव्हतं, चहा मात्र भरपूर झाला.

२६ जानेवारी २०२४ ला एडनच्या आखातात मार्लिन लुआंडा या टँकरला क्षेपणास्त्र लागलं. आत नाफ्था. २२ भारतीय आणि एक बांगलादेशी. आयएनएस विशाखापट्टणमने आग विझवणारी तुकडी पाठवली आणि आग आटोक्यात आली. ते जहाज आपल्या माझगाव डॉकचं. सोळा ब्रह्मोस, बत्तीस बराक (हवेतून येणारं पाडणारी क्षेपणास्त्रं) घेऊन फिरणारं जहाज, पण त्या दिवशी कामाला आले ते होसपाईप आणि फेस.

तुलनेला हेही सांगतो. ३० जानेवारीला अमेरिकेच्या ग्रेव्हली या विनाशिकेने एक क्षेपणास्त्र जवळच्या तोफेने पाडलं, तोपर्यंत ते सुमारे मैलभर अंतरावर आलं होतं. मैलभर! आम्ही तर मैलभर अंतरावरच्या मच्छीमाराला भोंगा वाजवतो.

सोनटक्का

बाप रे. चीफमेट, सुखरूप आलात हे वाचून बरं वाटलं. घरच्यांना सांगितलं होतं का, की तिथून जाणार आहात?

चीफमेट

बायकोला नाही सांगितलं. तिने एआयएसच्या ॲपवर पाहिलं की जहाज गायब आहे, आणि तिला कळलं.

रणगाडा_नगर

सगळे दर्यातच. जमिनीवर या जरा.

रणगाड्याला क्षितिजाची अडचण नाही, लक्ष्य डोळ्यांसमोर असतं. इथे प्रश्न असा की डागल्यानंतर डागणाऱ्याचं काय? ऑक्टोबर १९७३ च्या युद्धात इजिप्तच्या पायदळाने सॅगर क्षेपणास्त्रांनी इस्रायली रणगाडे फोडले. मागे बारीक तार उलगडत जायची आणि शिपाई छोट्या दांडीने क्षेपणास्त्र हाताने वळवायचा, लागेपर्यंत. पतंगासारखं. तोवर हलायचं नाही, डोकं खाली घालायचं नाही. इस्रायली टँकवाल्यांनी यावर उपाय शोधला. जिथून धूर निघाला तिकडे गोळ्यांचा पाऊस पाडायचा. शिपायाचा हात थरथरला की क्षेपणास्त्र जमिनीत.

लेझरवाल्यात तार गेली, पण कोणीतरी ठिपका धरून ठेवायचा असतो. आमच्या नगरला के. के. रेंजवर (खारे कर्जुने, बाहेरच्यांसाठी) सप्टेंबर २०२० मध्ये अर्जुन रणगाड्याच्या तोफेतून असंच लेझर क्षेपणास्त्र डागून पाहिलं. पुण्याच्या एआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेने ते बनवलं, पाषाणरोड यांच्या प्रयोगशाळेचाही हात होता. रेंजजवळच्या गावांत खिडक्या थडथडल्या की पोरं सांगतात आज काय डागलं. बरोबर निघतं असं नाही, पण आत्मविश्वास दांडगा.

नाग आणि अमेरिकन जॅव्हलिन ही 'डागा आणि विसरा' जातीची. उष्णतेचं चित्र डोक्यात साठवतात आणि रणगाड्याच्या छपरावर वरून पडतात, कारण छप्पर पातळ. डागणारा तोवर गल्लीतून पसार. माझ्या मते जमिनीवरची खरी क्रांती हीच. पल्ला-बिल्ला नंतर.

पिंपळपान

आकाशातलं कोणीच लिहीना? मे २०२५ नंतर तर घराघरात पीएल-१५ या विमानातून विमानावर डागायच्या चिनी क्षेपणास्त्राचं नाव झालंय.

आकडेबहाद्दर

थोडक्यात लिहितो, जेवायचंय.

सुरुवात २४ सप्टेंबर १९५८. तैवानच्या सेबर विमानांनी चिनी मिगवर साइडवाइंडर डागली, हवाई युद्धातला क्षेपणास्त्राचा पहिला बळी. नाव सापाचं, कारण तो भक्ष्याची उष्णता ओळखतो. एक क्षेपणास्त्र मिगच्या अंगात घुसलं पण फुटलं नाही. मिग तसंच घरी गेलं आणि सोव्हिएत लोकांनी ते उघडून त्याची नक्कल केली, के-१३. आपल्या मिग-२१ वर तेच असायचं. म्हणजे अमेरिकन साप चीन आणि रशियामार्गे भारतात.

पल्ल्याच्या आकड्यांवर फार विसंबू नका. हवेतल्या क्षेपणास्त्राची मोटर बहुधा काही सेकंदच जळते, पुढे ते मिळालेल्या वेगावर घरंगळत जातं. जाहिरातीतला आकडा उंचावरून, समोरासमोर येणाऱ्या विमानासाठी असतो. समोरचा वळून पळाला की आकडा धाडकन खाली येतो. मीटिअर या युरोपीय क्षेपणास्त्राचं महत्त्व हेच, त्यात रॅमजेट असल्याने शेवटपर्यंत जोर शिल्लक राहतो.

मे २०२५ मध्ये होशियारपूरला पीएल-१५ चे अवशेष सापडले हे नक्की. कोणी किती पाडली यावर दोन्ही बाजूंचे दावे आहेत. आपल्या हवाई दलप्रमुखांनी ऑगस्टमध्ये एस-४०० या हवाई संरक्षण यंत्रणेने पाच लढाऊ आणि एक मोठं विमान पाडल्याचं सांगितलं, पाकिस्तानने नाकारलं. इथे त्यावर दोनशे प्रतिसाद नकोत, त्याला वेगळा धागा काढा.

तिरकस

दर्यावर्दी, शीर्षकात मोस्क्वा लिहिलंय आणि मोस्क्वाचा पत्ता नाही. ग्राहक मंचात जाऊ का?

दर्यावर्दी_दादर

घ्या.

१३ एप्रिल २०२२, काळा समुद्र. मोस्क्वा हे रशियाच्या काळ्या समुद्रातल्या ताफ्याचं प्रमुख जहाज. लांब पल्ल्याच्या हवाई संरक्षणाची चौसष्ट क्षेपणास्त्रं, जवळच्यासाठी वेगळी, त्याखाली सहा नळ्यांच्या तोफा. कागदावर कोणी जवळ फिरकू नये असं. युक्रेनचं म्हणणं, किनाऱ्यावरून डागलेली दोन नेपच्यून लागली. रशियाचं म्हणणं, आग लागून दारूगोळा फुटला. दुसऱ्या दिवशी जहाज बुडालं. नेपच्यून आवाजापेक्षा कमी वेगाचं, सोव्हिएत के-एच-३५ वरून घडवलेलं. मोस्क्वाने स्वसंरक्षणासाठी काही डागल्याचा पुरावा समोर आलेला नाही.

आता या ओळीत १४ जुलै २००६ चं इस्रायलचं हनित ठेवा. लेबनॉनच्या किनाऱ्यावर हिजबुल्लाने सी-८०२ डागलं, चार नौसैनिक गेले. जहाज आधुनिक, बराकने सज्ज, पण शत्रूकडे असलं काही असेल अशी कल्पनाच नव्हती म्हणून यंत्रणा चालू नव्हत्या. आणि १७ मे १९८७ चं अमेरिकेचं स्टार्क. इराकी विमान रडारवर दिसत होतं, पण मित्र समजलं गेलं. दोन एक्झोसे, ३७ मृत्यू.

खैबरला प्रकाश विमान वाटला. शेफील्डचं यंत्र बधिर होतं. स्टार्कने पाहिलं पण मित्र मानलं. हनितने बंद ठेवलं. तिरकसराव, या सगळ्यांवर आलेली क्षेपणास्त्रं मॅक एकच्या आतली. ब्रह्मोस भारी आहेच, फिलिपिन्सने उगाच २०२२ मध्ये पैसे मोजले नाहीत. माझं म्हणणं एवढंच की आजवर जहाजं बुडाली ती बहुतेक हळू क्षेपणास्त्रांनी.

तिरकस

ठीक. निम्मं मान्य. उरलेलं निम्मं जलद क्षेपणास्त्र लागेल तेव्हा बघू, आणि ते लागू नये हीच इच्छा.

पाषाणरोड

दोघांनाही एकेक मोदक.

कुलाबाकर

कोणी दीवला गेलं तर खुकरीचं स्मारक टेकडीवर आहेच. शिवाय दुसरी खुकरी, म्हणजे १९८९ ची, माझगावला बांधलेली, निवृत्त झाल्यावर २०२२ मध्ये दीवलाच दिली. तिच्यावर स्टिक्सच्याच कुळातली क्षेपणास्त्रं असायची. नळकांडी केवढी होती ते पाहिल्याशिवाय कल्पना येत नाही. माझे गुडघे आता जिने चढू देत नाहीत.

चीफमेट

काका, दिवाळीत घरी आहे, बायको दीव म्हणतेच आहे. फोटो टाकतो इथेच. या वेळी तिला आधी सांगून.